कालवडीची तीन वर्षं

या वीकेंडचा विषय आहे कालवड. ऑफिसच्या कँटीनमध्ये हा शब्द उच्चारला तर निम्मे लोक 'म्हणजे काय रे?' विचारतील, म्हणून आधी व्याख्या. गाईचं मादी वासरू मोठं होऊ लागलं पण अजून एकदाही व्यायलं नाही, की ती कालवड. नर असेल तर गोऱ्हा. कालवड पहिल्यांदा व्यायली की ती पहिलारू गाय. त्या दिवसापर्यंत ती एक थेंबही दूध देत नाही. फक्त खाते.

दुधाचा इतिहास म्हटलं की आपल्याला आणंद, कुरियन, 'ऑपरेशन फ्लड' आठवतं. पुण्यात असाल तर कात्रज आणि चितळे. या सगळ्या इतिहासात गाय असते ती दूध देतानाची. दूध देण्याआधीची तीन-चार वर्षं कुठे दिसतच नाहीत. आपल्या धंद्यात कसं, रिलीजच्या दिवशी केक कापतात आणि आधीचं दीड वर्ष कुणाच्या लक्षात राहत नाही, तसंच. पण गोठ्याचं गणित जमणार की बिघडणार हे त्या न दिसणाऱ्या वर्षांमध्येच ठरतं. कालवड किती वयाची झाल्यावर फळवायची आणि तोपर्यंत तिला काय खायला घालायचं, हा तो प्रश्न. आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचा बराचसा इतिहास आपल्या पुण्याच्या आसपासच घडला आहे.

आधी गणित. (सवयच आहे, काय करणार.)

कालवड वयात येते ती कॅलेंडर बघून नाही, वजन बघून. तिच्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईचं जे वजन असतं, त्याच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांवर पोचली की ती पहिल्यांदा माजावर येते. आपल्या देशी गाई मुळातच थोड्या उशिरा वयात येतात. पण म्हणून लगेच भरवायची नसते. वजन ६० टक्क्यांच्या पुढे गेलं की मग. संकरित गाय साधारण ४२० किलोची धरली तर कालवड २५० किलोची झाल्यावर फळवावी. त्यानंतर गाभणकाळ साधारण २८० दिवस, म्हणजे नऊ महिन्यांहून थोडा जास्त.

मी एक छोटी स्प्रेडशीट केली. वासरू जन्मताना २५ किलोचं धरा. २५० पर्यंत जायला २२५ किलो वाढायला हवं. रोज सुमारे ४२० ग्रॅम वाढलं तर दीड वर्षात ते होतं आणि कालवड सव्वादोन वर्षांची असताना व्याते. रोज २५० ग्रॅमच वाढलं तर तेवढ्याच वजनाला ९०० दिवस लागतात, आणि पहिलं वेत सव्वातीन वर्षांवर जातं. रोज १७० ग्रॅम वाढलं तर? १३२३ दिवस. म्हणजे व्यायला जवळजवळ साडेचार वर्षं.

म्हणजे रोजच्या २५० ग्रॅमचा फरक, एका भाजीच्या जुडीएवढा, आणि शेवटी दोन वर्षांहून जास्त उशीर. समजा तिला पोसायला रोज ५० रुपये लागतात. एका वर्षाचा उशीर म्हणजे १८ हजार रुपये गेले. शिवाय त्या वर्षात जे दूध मिळालं असतं ते वेगळंच. रोज ८ लिटर आणि ३०० दिवस धरले तर २४०० लिटर. ज्याच्याकडे शंभर गाई आहेत त्याला हा आकडा टोचेल. ज्याच्याकडे एकच कालवड आहे त्याचं मात्र घर यावर चालायचं असतं, किंवा बंद पडायचं असतं.

शरीर असं का वागतं, तेही बघू. गर्भ वाढवणं आणि दूध देणं ही शरीराच्या दृष्टीने फार महागडी कामं आहेत. अंगात चरबीचा थोडाफार साठा आहे आणि रोजचं खाणं पुरेसं येतंय, असे संकेत मेंदूला मिळाले तरच तो बीजांडकोशाला कामाला लावणारी संप्रेरकं जोरात सोडतो. कालवड उपाशी असेल तर हा संकेत पोचत नाही आणि माज येतच नाही. शेतकरी म्हणतो, 'ही कालवड वांझ निघाली.' बऱ्याचदा ती वांझ नसते, भुकेली असते. या दोन शब्दांमधलं अंतर फार मोठं आहे, कारण वांझ ठरलेल्या जनावराची रवानगी थेट बाजारात होते.

आता इतिहासाकडे येऊ.

पिंपळे सौदागर हे नाव वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टॉवर, मॉल, ट्रॅफिक. तुमच्यापैकी काही जण हे तिथल्याच बाराव्या मजल्यावर बसून वाचत असतील. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे गाव अर्थशास्त्रात प्रसिद्ध झालं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर या गावाची घरोघर, वावरोवावर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. भारतातल्या एका खेड्याचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्या काळी दुर्मीळच होता. त्यातला सगळ्यात गाजलेला निष्कर्ष जमिनीचा आहे. पेशवाईतली कागदपत्रं धुंडाळून मान यांनी दाखवलं की १७७१ साली गावातली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१५ च्या सुमारास फक्त ७ एकर.

४० एकरांचे ७ एकर झाले की गोठ्यात काय होतं याचा विचार करा. आधी चराई जाते. मग कडबा कमी पडतो. मग गव्हाणीपुढे रांग लागते आणि त्या रांगेला एक क्रम असतो. पहिला मान बैलांचा, कारण नांगरट त्यांच्यावर. दुसरा दुभत्या जनावराचा, कारण ते आज काहीतरी देतंय. त्यानंतर गाभण गाय. सगळ्यात शेवटी कालवड, जी आज काहीच देत नाही. पावसाळ्यात ती बांधावर चरून थोडी सुधारते आणि उन्हाळ्यात कमावलेलं पुन्हा घालवते. जून ते ऑक्टोबर वाढ, मार्च ते मे घट. माझ्या स्प्रेडशीटमधले ते १७० ग्रॅम म्हणजे रोजचे सारखे १७० नव्हेत, या चढउताराची ती सरासरी आहे.

१९२८ साली शेतीविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला (अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो, जे पुढे व्हाइसरॉय झाले). त्यात या दुष्टचक्राची नेमकी मांडणी आहे. चारा कमी, म्हणून जनावरं कमकुवत. जनावरं कमकुवत, म्हणून तेच काम करायला जास्त जनावरं पाळायची. जास्त जनावरं, म्हणून चारा आणखी कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्फिनिट लूप. आणि त्यातून बाहेर पडायची अट कुणी लिहिलेलीच नव्हती.

लष्कराने मात्र आपल्यापुरती वाट काढली. गोऱ्या पलटणींना खात्रीचं दूध-लोणी हवं होतं, म्हणून १८८९ साली अलाहाबादला पहिली लष्करी डेअरी निघाली आणि मग छावणीछावणीत त्यांचं जाळं पसरलं. आपल्याकडे पिंपरीला अशी डेअरी होती. तिचं नाव तिथल्या रस्त्याला अजून चिकटलेलं आहे. या फार्मवर परदेशी वळू आणि देशी गाई यांचा संकर झाला. पुढे १९८७ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेबरोबर होल्स्टीन फ्रीजियन आणि साहिवाल यांच्यापासून 'फ्रीजवाल' ही संकरित गाय तयार करण्याचं काम झालं. २०२१ साली लष्कराने आपली ही फार्म कायमची बंद केली. १३२ वर्षांचा हिशेब संपला.

पण या फार्मवर स्वतःची कुरणं होती, पाणी होतं, पशुवैद्य होता, नोंदवह्या होत्या. तिथली कालवड रांगेत शेवटी उभी राहत नव्हती. कुंपणाच्या आत हा प्रश्न सुटलाच होता. कुंपणाबाहेर, दोन एकरवाल्याच्या दारात, तो कसा सोडवायचा हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

इथे आपल्या गोष्टीत उरुळी कांचन येतं. पुण्याच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर स्टेशन लागतं.

गांधीजी पुण्यात ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात येऊन राहत. निसर्गोपचार गरिबांसाठी असायला हवा, मग तो शहरात बसून कसा करणार, या विचारातून ते मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला गेले. आठवडाभर राहिले, रोगी तपासले, आणि आश्रमाचं काम पुढे चालवायला आपली माणसं ठेवून निघाले. त्यात सुरत जिल्ह्यातला एक पंचविशीतला तरुण होता, मणिभाई देसाई. विज्ञान शिकलेला, १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला. तो आला तो गेलाच नाही. १९९३ मध्ये मृत्यू होईपर्यंत उरुळी हेच त्यांचं गाव राहिलं.

आता योगायोग बघा. त्याच १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला, म्हणजे आजचं 'अमूल'. तिकडे प्रश्न होता तो तयार दुधाला भाव कसा मिळवायचा याचा. इकडे उरुळीत मणिभाईंपुढचा प्रश्न त्याच्याही एक पाऊल मागचा होता: मुळात दूध देणारी गाय गरिबाच्या दारात यायची कशी?

गांधीजींच्या आश्रमात गाय असणारच. मणिभाईंनी गीर गाई आणल्या. ते काही पशुवैद्य नव्हते. वाचून, विचारून, गोठ्यात उभं राहून शिकले. चांगली निवड, वेळेवर चारा आणि नीट नोंदी, एवढ्या भांडवलावर उरुळीचा गीर कळप नावाजला गेला. गाय पूजेपुरती राहिली तर ती टिकणार नाही, तिने पाळणाऱ्याचं घर चालवलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था सुरू केली. तेव्हाचं नाव भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, आणि उद्घाटनाला राष्ट्रपती झाकिर हुसेन उरुळीला आले होते. (आज मुख्य कार्यालय वारज्यात आहे. मुंबई-बंगळुरू हायवेने जाताना तुम्ही ते शंभरदा ओलांडलं असेल.) पुढे १९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाएफचा मार्ग संकराचा होता. गावरान गाईला जर्सी किंवा होल्स्टीनचं रेत द्यायचं आणि पोटी येणारी कालवड दुधाळ निघेल अशी व्यवस्था करायची. पण परदेशी वळू गावोगाव कसे फिरवणार? त्याचं उत्तर लंडनजवळच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत सापडलं होतं, तेही अपघाताने. १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी रेत गोठवायचे प्रयोग करत होते. एका बाटलीतल्या द्रावणात शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहिले. शोध घेतला तेव्हा कळलं की बाटलीवरचं लेबल चुकलं होतं आणि आत साखरेऐवजी ग्लिसरॉल होतं. एका चुकीच्या लेबलने पशुपालनाचा इतिहास बदलला. :-) आज वळूचं रेत पाव मिलिलिटरच्या कांडीत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. वळू मेला तरी कांडी वर्षानुवर्षं चालते.

भारतात कृत्रिम रेतन नवीन नव्हतं. म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत १९३९ मध्येच ते झालं होतं. सरकारी केंद्रंही निघाली होती. पण शेतकऱ्याला गाय घेऊन केंद्रावर जावं लागे. इथे जीवशास्त्र आडवं येतं. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज साधारण १८ तासच टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असा सोपा नियम आहे. त्यात कालवडीचा पहिला-दुसरा माज बऱ्याचदा मुका असतो, म्हणजे ती हंबरत नाही, अस्वस्थ होत नाही, कळतच नाही. अशा वेळी आठ किलोमीटर गाय चालवत न्यायची, तिथे डॉक्टर दौऱ्यावर गेलेले, परत यायचं. झालं, २१ दिवस गेले. वर एका दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

बाएफने हा प्रवास उलटा केला. गाईने माणसाकडे जाण्याऐवजी प्रशिक्षित माणूस दुचाकीवर नायट्रोजनचा डबा बांधून गाईच्या दारात जाईल. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी सुरुवातीच्या काळात अशी केंद्रं चालवायला हातभार लावला. आज घरपोच सेवा म्हटलं की आपल्याला दहा मिनिटांत येणारं वाणसामान आठवतं. पुणे जिल्ह्यात सत्तरच्या दशकात माणसं घरपोच काय देत होती, तर पुढच्या पिढीची गाय! मला विचाराल तर पुण्यात जन्मलेल्या सगळ्या 'स्टार्टअप'मध्ये याचा नंबर खूप वर लागायला हवा.

असो. गोष्ट इथेच संपली असती तर ती सरळ यशाची झाली असती. पण कांडीतून येतो तो वंश, वैरण येत नाही.

होल्स्टीनचा अंश असलेली कालवड थोराड होते, म्हणजे होऊ शकते. तिला नुसत्या कडब्यावर ठेवली तर ती गावरान कालवडीपेक्षाही वाईट दिसते, कारण तिच्या शरीराची मागणीच जास्त आहे. म्हणून संकराबरोबर संगोपन शिकवावं लागलं, आणि हे काम रेतनापेक्षा कितीतरी अवघड होतं. रेतन पाच मिनिटांत होतं. संगोपन पाचशे दिवस चालतं.

त्याची सुरुवात पहिल्या तासापासून होते, आणि इथे आपण पुणेकर मध्ये येतो. खरवस! गाईच्या पोटातल्या वासराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी चिकात असतात, आणि वासराचं आतडं ती शोषून घेतं ते जेमतेम पहिल्या २४ तासांत, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात निदान अडीच लिटर चीक हवा. वासराचं पोट भरून उरलेला चीक खरवसाला वापरला तर काहीच बिघडत नाही, गाय भरपूर देते. पण 'वासराला जास्त चीक बाधतो' या समजुतीने पहिली धारच बाजूला काढली, तर ते वासरू हगवणीने जातं किंवा खुरटतं. खरवसाच्या वडीवर वेलची असते, वासराचा हिशेब नसतो.

त्यानंतर येतं दूध. वासराला सुरुवातीला रोज वजनाच्या दहा टक्के दूध लागतं. म्हणजे अडीच-तीन लिटर. संघाच्या काट्यावर त्याच दुधाचे आज रोख पैसे मिळतात. पाजलं तर ते पैसे दोन-तीन वर्षांनी परत येणार, तेही वासरू जगलं-वाचलं तर. रोज पहाटे धार काढणारी बाई (हे काम बहुतेक घरांत बाईच करते) हा निर्णय घेते: किती किटलीत आणि किती वासराला. शाळेची फी भरायची असेल तर वासराचं अर्धा लिटर कमी होतं. त्या अर्ध्या लिटरचा परिणाम दोन वर्षांनी माज न येण्यात दिसतो, आणि तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. आपल्याकडे याला टेक्निकल डेट म्हणतात. तिच्याकडे त्याला नाव नाही, पण व्याज तीच भरते.

दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा किंवा वासरांचं तयार खाद्य, कारण जन्मताना वासराचं मोठं पोट कामच करत नसतं, ते घन चारा खाऊनच जागं होतं. मग हिरवी वैरण. लसूणघास, हत्तीघास, आणि कोरडवाहू भागात बाएफने खूप लावलेला सुबाभूळ. त्याचा पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तो एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवायचा. जोडीला कडबा, रोज दीड-दोन किलो आंबोण आणि खनिज मिश्रण. स्फुरद कमी पडलं तरी माज लांबतो.

मग भरपूर घातलं की झालं? तिथेही गोची आहे. तीन ते दहा महिन्यांच्या वयात कासेतल्या दुधाच्या ग्रंथी वेगाने वाढत असतात. त्या काळात पेंड ओतून कालवड लठ्ठ केली तर कासेत ग्रंथींच्या जागी चरबी भरते. ती लवकर वयात येते, दिसते झकास, आणि दूध मात्र आयुष्यभर कमी देते. उलट घाईघाईने २०० किलोलाच फळवली तर तिचं कटिहाड लहान असतं, वासरू अडतं, आणि कधी कधी दोघंही जातात. गाभणपणात आणि पहिल्या वेतात तिला स्वतःची वाढ, गर्भ आणि दूध अशा तीन आघाड्यांवर लढावं लागतं. थकते, आणि दुसऱ्यांदा लवकर फळत नाही.

हे फक्त गाईचंच आहे असं नाही. डुकरीण बघा. पाश्चात्त्य जातीची मादी सहा-सात महिन्यांत वयात येते, पण शहाणा पाळणारा पहिला माज सोडून देतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या माजाला, ती १३०-१४० किलोच्या आसपास असताना, भरवतो. त्याआधी दहा-चौदा दिवस तिचा खुराक मुद्दाम वाढवतो, कारण त्यामुळे जास्त बीजांडं सुटतात आणि एका वेळची पिल्लं वाढतात. ११४ दिवसांत विते. चूक झाली तरी वर्षाच्या आत कळते आणि सुधारता येते. गाईला पोटी एकच वासरू, आणि चूक कळायला तीन वर्षं. फीडबॅक इतका उशिरा येत असेल तर शिकणं किती अवघड होत असेल!

संकराची किंमतही मोजली पाहिजे. निम्मी वासरं नर होतात. गावरान गोऱ्हा बैल म्हणून विकला जायचा, संकरित गोऱ्ह्याला ना धड वशिंड, ना उन्हात टिकायची ताकद. त्यातच ट्रॅक्टर आला. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे या गोऱ्ह्याचं करायचं काय याचं उत्तर शेतकऱ्याकडे उरलं नाही. उत्तर नसलं की दूध पाजणं थांबतं, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दुसरीकडे खिल्लार, डांगी, देवणी या आपल्या जातींकडे दुर्लक्ष झालं. २०१९ च्या पशुगणनेत देशातली संकरित आणि विदेशी गुरं आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, देशी ६ टक्क्यांनी घटली. ज्या गीरपासून मणिभाईंनी सुरुवात केली, तीच गीर ब्राझीलने नेली, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून, निवड करून दुधाळ बनवली. म्हणजे देशी रक्तात दम नव्हता असं नाही. नोंदी ठेवण्याइतका धीर आणि पैसा तिथे होता. पण सात एकरांवरून दोन एकरांवर आलेल्या शेतकऱ्याला 'थांब, पंचवीस वर्षांत तुझी गाय सुधारेल' असं सांगायचं कुणी आणि कुठल्या तोंडाने? संकरावर टीका करताना मला हा प्रश्न टाळता येत नाही.

आता पुढची पायरी आली आहे. लिंगनिर्धारित रेताच्या कांड्या मिळतात, ज्यांतून दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवडच होते. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत चितळ्यांनी म्हशींच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले घालून त्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या, त्याला बरीच वर्षं झाली. आपल्या धंद्यातली माणसं आता गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून माज ओळखणारं सॉफ्टवेअर लिहितात. छानच आहे. मुका माज त्यात पकडला गेला तर २१ दिवस वाचतात.

पण या सगळ्या यादीत मला सगळ्यात भारी वाटलेलं साधन म्हणजे एक टेप. शिंप्याकडे असते तशीच. कालवडीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती गुंडाळायची, इंच मोजायचे, आणि सूत्रातून वजनाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. महिन्यातून एकदा मोजलं आणि भिंतीवर खडूने लिहिलं, तर वाढ कुठल्या महिन्यात अडली ते त्याच महिन्यात कळतं, तीन वर्षांनी नाही. टेपला ना बॅटरी लागते ना रेंज. लागतं ते एवढंच, की गव्हाणीपुढच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या जनावराकडे महिन्यातून एकदा कुणीतरी नीट बघायला हवं.

उद्या रविवार. सोलापूर रस्त्याला जाणार असाल तर उरुळीला थांबा, आश्रम बघण्यासारखा आहे. आणि वाटेत एखाद्या गोठ्यात कोपऱ्यातली हडकुळी कालवड दिसली तर तिच्या मालकाला लगेच नावं ठेवू नका. आधी विचारा, तिच्या वाटचं दूध कशासाठी विकावं लागलं ते.